पहिला डीजे कंट्रोलर: आधी ताळेबंद, मग जॉग व्हील



कंट्रोलरची जोडणी कशी करायची ते व्हिडिओत दाखवलंच आहे. इथे माझं मत लिहितोय, कारण लग्नसराई जवळ आली की दुकानात एकच प्रश्न फिरून फिरून येतो. "दादा, कंट्रोलर कुठला घेऊ? हप्त्यावर मोठाच उचलतो ना!"

माझं उत्तर आधीच सांगतो. पहिला कंट्रोलर एका सीझनच्या उरलेल्या पैशात बसला पाहिजे. हप्त्यावर घ्यायचा नाही. कंपनी, मॉडेल, रंग हे सगळं त्याच्यानंतर.

हे गणित आपल्या हिवरे बाजारला नवीन नाही. पोपटराव पवारांच्या पुढाकाराने गावात पाण्याचा ताळेबंद सुरू झाला. पाऊस किती पडला ते मोजायचं, आधी माणसांच्या आणि जनावरांच्या पिण्याचं पाणी बाजूला काढायचं आणि उरलेल्या पाण्यावर कुठलं पीक घ्यायचं ते ग्रामसभेत ठरवायचं. शेतीसाठी बोअर घ्यायला बंदी. कारण बोअर म्हणजे पुढच्या वर्षाचं पाणी आजच उपसणं. मित्रांनो, धंद्यातला हप्ता म्हणजे तीच बोअर आहे. पुढच्या सीझनची कमाई तुम्ही आज उपसून बसता, आणि पुढचा सीझन कसा जाईल ते कोणालाच माहीत नसतं.

आता आकडे मांडू. हे समजण्यापुरते आहेत, तुम्ही तुमचे टाका. समजा, तुमची स्वतःची सिस्टीम नाही, दुसऱ्याच्या सिस्टीमवर ऑपरेटर म्हणून जाता आणि रात्रीचे 2,000 रुपये मिळतात. तुळशीच्या लग्नापासून आषाढीपर्यंत 25 सुपाऱ्या झाल्या, म्हणजे 50,000. पेट्रोल-चहापाणी रात्रीचे 250 धरले तर 6,250 गेले. केबल तुटणं, हेडफोन जाणं, लॅपटॉपची दुरुस्ती यासाठी 5,000 बाजूला. घरी 15,000 दिलेच पाहिजेत, ते आपलं पिण्याचं पाणी. उरले 23,750. बस, हा तुमचा कंट्रोलरचा आकडा. एवढ्यात नवा येत नसेल तर सेकंडहँड बघा, नाहीतर एक सीझन मालकाच्या कंट्रोलरवरच वाजवा. त्यात कमीपणा काही नाही.

आषाढीनंतर चार महिने लग्नं बंद. गणपती-नवरात्रात काम निघतं, पण ते जास्त करून मोठी सिस्टीम असलेल्यांकडे जातं. हप्ता मात्र श्रावणातही येतो आणि पितृपक्षातही येतो.

"पण दादा, मोठा कंट्रोलर दिसला की सुपारी मोठी मिळते." हे मला रोज ऐकवतात. जरा आठवून सांगा, सुपारी द्यायला आलेला नवरदेवाचा मामा काय विचारतो? टॉप किती, बेस किती, जनरेटर कोणाचा आणि शेवटचं किती घेणार. जॉग व्हील केवढं आहे हे आजपर्यंत एकाही मामाने विचारलेलं नाही. तो लक्षात ठेवतो ते वेगळंच असतं: गाणं मध्येच बंद पडलं का, माइक कुईं करून ओरडला का, आणि आहेराच्या वेळी नावं नीट ऐकू आली का.

म्हणून पैसे दिसण्यावर घालू नका, या चार गोष्टींवर घाला.

1. आतलं साउंड कार्ड. सगळ्यात आधी हे विचारा. साउंड कार्ड असेल तर एक गाणं स्पीकरवर चालू असताना दुसरं फक्त हेडफोनमध्ये ऐकता येतं. पायोनियर डीजेच्या डीडीजे-200 मध्ये ते नाही. शिकायला चांगला आहे, पण कामासाठी वेगळी जुळवाजुळव करावी लागते. माझा पहिला कंट्रोलरही बिनसाउंडकार्डाचाच होता, दुसऱ्या कंपनीचा. स्वस्त दिसला म्हणून न विचारता घेतला. हळदीच्या कार्यक्रमात पुढचं गाणं शोधत होतो आणि ती सगळी शोधाशोध सगळ्या मांडवाने ऐकली. वाचवलेले पैसे तिथेच फिटले.

2. माइकची जागा. आपल्याकडे डीजेवाला अर्धा निवेदक असतो. माइक इनपुट आणि त्याचा वेगळा आवाज-नॉब पाहिजेच. डीडीजे-एफएलएक्स4 आणि न्यूमार्क मिक्सट्रॅक प्लॅटिनम एफएक्स या दोन्हींत माइक लावता येतो.

3. यूएसबीवर चालणारा. वरचे दोन्ही लॅपटॉपच्या यूएसबीवर चालतात. जनरेटर बंद पडला तर अॅम्प्लीफायर गप्प होतील, पण लॅपटॉपला बॅटरी असेल तर तुमचं सॉफ्टवेअर आणि कंट्रोलर चालूच राहतात. लाइट आली की लगेच सुरू. मात्र बॅटरी मेलेला लॅपटॉप असेल तर कंट्रोलरच्या आधी बॅटरी बदला.

4. सॉफ्टवेअरचा खर्च. एफएलएक्स4 जोडला की रेकॉर्डबॉक्सचा परफॉर्मन्स मोड वेगळे पैसे न भरता चालतो. मिक्सट्रॅकसोबत सेराटो डीजे लाइट मिळतं, जास्तीच्या सोयी पाहिजेत तर सेराटो डीजे प्रोचे पैसे मोजावे लागतात. व्हर्च्युअल डीजे घरी वाजवायला फुकट आहे, पण सुपारी घेऊन वाजवायचं तर लायसन्स लागतं. पेनड्राइव्हवरून क्रॅक टाकणाऱ्यांना एकच सांगतो, ते ऐन वरातीत बंद पडलं तर दाद कोणाकडे मागणार?

दोन चॅनल पुरतात का? लग्न, बारसं, वाढदिवस, शाळेचं गॅदरिंग यांना दोन भरपूर झाले. शिवाय एफएलएक्स4 ची मांडणी क्लबमधल्या मोठ्या सेटसारखीच आहे. उद्या पुण्यात वाजवायची संधी आली तर हात अडणार नाही. चार चॅनलचा विचार त्या मुलाने करावा ज्याच्या तारखा भरलेल्या आहेत आणि जो रोख देऊ शकतो. अशा मुलाला मी अडवत नाही.

बजेट ठरवताना केबलचे पैसे विसरू नका. स्वस्त कंट्रोलरला बहुतेक आरसीए आउटपुट असतं. लांब आरसीए केबल ओढली की घुंईं आवाज येतो. आरसीए छोटीच ठेवा, जवळच्या मिक्सरपर्यंत, आणि तिथून पुढे एक्सएलआर न्या. तरी आवाज आला तर मिनिटभर लॅपटॉपचा चार्जर काढून बघा. आवाज थांबला तर दोष अर्थिंगचा आहे, कंट्रोलरचा नाही.

सेकंडहँड घ्यायला नगरला जा नाहीतर पुण्यात तपकीर गल्लीत, पण स्वतःचा लॅपटॉप आणि हेडफोन घेऊन जा. अर्धा तास वाजवून बघा. यूएसबीची पिन हलवा, क्रॉसफेडर एका टोकाला नेऊन दुसऱ्या बाजूचं गाणं झिरपतंय का ते ऐका, पिच फेडर सरकवताना आकडा उड्या मारतो का ते पाहा. विकणारा "घरी जाऊन बघा" म्हणाला तर नमस्कार करून निघा.

शेवटचं, कायद्याचं. ध्वनिप्रदूषणाच्या 2000 च्या नियमांप्रमाणे रात्री 10 ते सकाळी 6 उघड्यावर लाउडस्पीकर बंद. वर्षातले जास्तीत जास्त 15 दिवस सरकार 12 पर्यंत सवलत देऊ शकतं. रहिवासी भागात मर्यादा दिवसा 55 आणि रात्री 45 डेसिबल. म्हणजे भिंतीएवढ्या सिस्टीमच्या जिवावर मांडलेला धंदा सतत टांगणीला राहणार. कमी आवाजात नीट वाजवणारा आणि माइकवर नीट बोलणारा मुलगा टिकेल, असं माझं स्पष्ट मत आहे. त्याला तीन लाखांचा कंट्रोलर लागत नाही.

तेव्हा आज रात्री वहीचं एक पान घ्या. मागच्या सीझनच्या सुपाऱ्या लिहा, खर्च लिहा, घरचे पैसे बाजूला काढा. खाली जो आकडा उरेल तो घेऊन दुकानात या. मग कंट्रोलर कुठला ते पाच मिनिटांत ठरवू.