विश्लेषण : रक्ताचा कर्करोग का उलटतो? केवळ जनुके तपासून भागेल का?

ठाण्यात टेंभी नाक्याजवळील जिल्हा रुग्णालयाच्या जागेवर ९०० खाटांच्या सुपरस्पेशालिटी रुग्णालयाचा प्रकल्प हाती घेण्यात आला. चर्चा झाली ती इमारतीची आणि खाटांची. रक्ताच्या कर्करोगाच्या रुग्णांचा प्रश्न मात्र वेगळा आहे : बरा झालेला आजार उलटला, तर पुन्हा तपासणी कोणती आणि कुठे होणार?

पेशी एकसारख्या नसतात?

कर्करोगाच्या साऱ्या पेशी एकाच मूळ पेशीपासून वाढल्या, तरी पुढे त्या वेगळ्या होत जातात. काहींच्या जनुकांत बदल होतात. काहींची जनुके तीच राहतात, पण डीएनएवरील मिथाइल नावाच्या रासायनिक खुणा बदलतात. बाजारात दुकाने तीच, पण कोणते शटर उघडे आणि कोणते बंद, यावर व्यवहार ठरतो, तसेच हे. यालाच एपिजेनेटिक बदल म्हणतात. केमोथेरपीने बहुतेक पेशी मरतात. ज्यांची रचना औषधाला दाद देत नाही, त्या उरतात आणि वाढतात.

संशोधन काय सांगते?

‘नेचर मेडिसिन’मध्ये २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात तीव्र मायलॉइड ल्युकेमियाच्या १३८ रुग्णांचे नमुने वेगवेगळ्या टप्प्यांवर तपासले गेले. ज्यांच्या पेशींत निदानावेळी एपिजेनेटिक वैविध्य जास्त, त्यांचा आजार लवकर उलटला. जनुकीय बदल किती, यावरून हा फरक उलगडत नव्हता. म्हणजे फक्त जनुकांचा अहवाल हे अर्धेच चित्र.

औषध आहे का?

मिथाइल खुणा कमी करणाऱ्या अ‍ॅझासिटिडिनला अमेरिकेत २००४ मध्ये मान्यता मिळाली. ते अनेकांना उपयोगी पडते, सर्वांना नाही. एपिजेनेटिक वैविध्य मोजणारी चाचणीही अजून रोजच्या उपचारांचा भाग झालेली नाही. त्यामुळे तिच्या नावाने महागडी पॅकेजे विकणाऱ्यांपासून रुग्णांनी सावध राहावे.

मग ठाण्याने काय करावे?

जिल्हा रुग्णालयाने अशी प्रयोगशाळा उभारावी, ही अपेक्षा अवाजवी आहे. पण आजार उलटल्यावर अस्थिमज्जेचा नमुना पुन्हा घेणे, तो नीट जपणे आणि परळच्या टाटा रुग्णालयासारख्या केंद्राकडे वेळेत पोहोचवणे, एवढे नक्की शक्य आहे. जुन्या अहवालावर नवे उपचार ठरू नयेत, कारण मधल्या काळात आजार बदललेला असतो. नॅशनल कॅन्सर ग्रिड २०१२ पासून देशातील कर्करोग केंद्रांना जोडत आहे. जिल्हा रुग्णालयांनाही अशा जाळ्याचा आधार मिळायला हवा.

आज शहापूर-मुरबाडच्या रुग्णाला एका तपासणीसाठी दिवसाची मजुरी बुडवून लोकल गाठावी लागते. प्रवास नमुन्याने करावा, रुग्णाने नव्हे. नव्या इमारतीच्या आराखड्यात एवढी सोय झाली, तर ९०० खाटांइतकेच तिचेही मोल असेल.