विश्लेषण : स्कूबासाठी कॅरिबियनमधील कोणते बेट निवडावे?

कॅरिबियन समुद्रातील बेटांच्या जाहिराती पाहिल्या तर कोणती कुठल्या बेटाची हे ओळखणे कठीण. निळेशार पाणी, एक कासव आणि त्याच्या शेजारी बोटांनी ‘ओके’ची खूण करणारा डायव्हर. अमेरिकेत राहणाऱ्या मराठी कुटुंबांना ही बेटे तशी जवळची. मायामीहून बोनेअरला विमानाने साधारण तीन तास लागतात. इकडे मालवण-तारकर्लीत पहिल्यांदा पाण्याखाली गेलेल्यांपैकी काहींनाही पुढचे स्वप्न म्हणून कॅरिबियन खुणावते. मात्र बेट ठरते ते बहुतेकदा हॉटेल आणि विमानभाड्यावरून. हा क्रम उलटा असायला हवा. जे पाहायला एवढा खर्च करायचा ते पाण्याखाली कितपत शिल्लक आहे आणि ते टिकावे म्हणून त्या बेटाने काय केले, हे आधी पाहावे. हॉटेल शेवटी.

कॅरिबियनमधील प्रवाळांची स्थिती काय?

चांगली नाही. ‘सायन्स’ या नियतकालिकात २००३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासानुसार, कॅरिबियनमधील खडकांवर कठीण प्रवाळांचे आच्छादन तीन दशकांत सरासरी ५० टक्क्यांवरून १० टक्क्यांवर आले. सत्तरच्या दशकाच्या अखेरीस ‘व्हाइट बँड’ नावाच्या रोगाने हरणाच्या शिंगांसारख्या फांद्या असलेले प्रवाळ मोठ्या प्रमाणावर मारले. त्यानंतर १९८३-८४ मध्ये लांब काळ्या काट्यांच्या सी अर्चिनवर साथ आली आणि बहुतेक ठिकाणी नव्वद टक्क्यांहून अधिक अर्चिन मेले. हा काटेरी प्राणी खडकावरचे शेवाळ खरवडून खातो. तो गेला आणि शेवाळ माजले. तेच काम करणारा पोपटमासा उरला होता, पण बऱ्याच बेटांवर तो सापळ्यांत अडकून ताटात गेला.

२०१४ मध्ये मायामीजवळ ‘स्टोनी कोरल टिश्यू लॉस’ हा नवा रोग आढळला. तो २० हून अधिक जातींच्या प्रवाळांना होतो आणि शेकडो वर्षे वाढलेला मेंदूच्या आकाराचा प्रवाळ काही आठवड्यांत पांढराफटक पडून मरतो. हा रोग २०१८ मध्ये मेक्सिकोच्या कॅरिबियन किनाऱ्यावर, २०२० मध्ये केमन बेटांवर आणि २०२३ मध्ये बोनेअरला पोहोचला. त्याच २०२३ च्या उन्हाळ्यात समुद्राच्या पाण्याचे तापमान विक्रमी वाढले आणि कॅरिबियनभर प्रवाळ फटफटीत झाले. त्यामुळे दहा वर्षांपूर्वीची छायाचित्रे पाहून आज बेट निवडणे म्हणजे जुन्या पत्त्यावर पत्र टाकण्यासारखे आहे.

मग कुठेही गेले तरी सारखेच, असा निष्कर्ष कोणी काढेल. तो चुकीचा ठरेल. १९७० ते २०१२ या काळातील कॅरिबियन प्रवाळांचा आढावा घेणारा एक मोठा आंतरराष्ट्रीय अहवाल २०१४ मध्ये आला. त्यात असे दिसले की जिथे माशांचे सापळे आणि भाल्याने होणारी मासेमारी रोखली गेली, तिथले खडक तुलनेने तग धरून होते. बर्म्युडा आणि बोनेअर ही त्यातली ठळक नावे. तापमानवाढ एकट्या बेटाच्या हातात नाही. मात्र मासेमारी, नांगर आणि सांडपाणी त्याच्या हातात आहे.

बोनेअरने वेगळे काय केले?

व्हेनेझुएलाच्या किनाऱ्यापासून सुमारे ८० किलोमीटरवर असलेले हे कोरडे, काटेरी झुडपांचे आणि मिठागरांचे बेट. किनारे पांढऱ्या वाळूपेक्षा प्रवाळाच्या तुकड्यांनीच भरलेले. म्हणजे मधुचंद्राच्या जाहिरातीला निरुपयोगी. तरीही डायव्हर मंडळींमध्ये त्याचे नाव आदराने घेतले जाते, त्याला कारण बेटाचे नियम. भाल्याने मासेमारीवर इथे १९७१ मध्येच बंदी आली. प्रवाळ तोडण्यावर १९७५ मध्ये. १९७९ मध्ये सागरी उद्यान झाले आणि तेही एखाद्या कोपऱ्यापुरते नाही: बोनेअर आणि शेजारचे छोटे क्लाइन बोनेअर यांच्याभोवतीचा, भरतीरेषेपासून ६० मीटर खोलीपर्यंतचा सगळा समुद्र उद्यानात येतो. बोटींनी नांगर टाकायचा नाही, बांधून ठेवलेल्या तरंगत्या बोयांनाच दोर लावायचा. हातमोजे घालून डायव्हिंग करता येत नाही, कारण हातमोजे असले की माणूस बिनदिक्कत प्रवाळाला धरतो. २०१० मध्ये पोपटमासा पकडण्यावरही बंदी आली.

या साऱ्याच्या मागे कॅप्टन डॉन स्टुअर्ट हा अमेरिकी माणूस मोठ्या प्रमाणावर होता. १९६२ मध्ये तो शिडाच्या बोटीतून बोनेअरला आला. सुरुवातीला स्वतः भाल्याने मासे मारणारा हा गृहस्थ पुढे त्याच भाल्याविरुद्ध उभा राहिला आणि बेटावरचा डायव्हिंग व्यवसायही त्यानेच रुजवला.

पर्यटकाला याची किंमत मोजावी लागते. उद्यानाचे शुल्क वर्षाला ४० डॉलर आहे, बेटावर प्रवेशाचा कर वेगळा. पहिल्या दिवशी नियमांची माहिती ऐकून एक चाचणी डायव्ह करावाच लागतो. तो झाल्याशिवाय पुढे जाता येत नाही. सुट्टीचा अर्धा दिवस यात गेला म्हणून काही जण कुरकुरतात. माझ्या मते, ज्या बेटावर अशी सक्ती नाही तिथे जाताना खरे तर मनात शंका यायला हवी.

त्यानंतर मात्र जे स्वातंत्र्य मिळते ते कॅरिबियनमध्ये दुर्मीळ आहे. पिकअप ट्रक भाड्याने घ्यायचा, मागे सिलिंडर टाकायचे (त्यात ऑक्सिजन नसून दाबाखाली भरलेली साधी हवा असते, हा गैरसमज आपल्याकडे अजून आहे) आणि रस्त्याकडेला पिवळ्या रंगाने नाव लिहिलेला दगड दिसला की थांबायचे. तिथेच समुद्रात उतरायचे. अशी ५० हून अधिक ठिकाणे आहेत. खडकाची कड किनाऱ्यापासून पोहत जाता येईल इतकी जवळ असते. मिठाच्या धक्क्याच्या खांबांभोवती माशांची गर्दी असते. दक्षिणेला ‘हिल्मा हूकर’ हे ७२ मीटर लांबीचे मालवाहू जहाज सुमारे ३० मीटरवर आडवे पडले आहे. त्यात दडवलेला हजारो किलो गांजा सापडला होता. मालक काही पुढे आला नाही आणि १२ सप्टेंबर १९८४ रोजी जहाज बुडाले.

बोनेअरचे सगळेच आलबेल आहे असे नाही. मोकाट शेळ्या झुडपे फस्त करतात, मग पावसात माती वाहून खडकांवर बसते. बांधकामे वाढली आहेत. नव्या रोगानंतर काही ठिकाणे डायव्हिंगसाठी बंद करावी लागली आणि साहित्य निर्जंतुक करण्याचा आग्रह सुरू झाला. ट्रकमध्ये पाकीट ठेवून पाण्यात गेलात तर ते परत मिळण्याची खात्री नाही.

इतर बेटांचे काय?

कोझुमेल हे मेक्सिकोचे बेट बोनेअरच्या अगदी उलट. इथे प्रवाहच तुम्हाला वाहून नेतो. बोट वरून मागे येते आणि तुम्ही जिथे वर याल तिथून उचलते. पाण्याची पारदर्शकता थक्क करणारी. पण प्रवाहात एका जागी थांबता येत नाही. त्यामुळे शरीराचा तोल पाण्यात साधता येत नसेल, तर धडपडीत लाथ प्रवाळालाच बसते. १९९६ पासून इथे राष्ट्रीय उद्यान आहे आणि ऑक्टोबर २०१९ मध्ये रोग पसरला तेव्हा प्रशासनाने पालंकारसारखे प्रसिद्ध खडक काही काळ पर्यटकांना बंद केले. हा निर्णय व्यवसायाला झोंबला तरी योग्य होता. अडचण आहे ती क्रूझ जहाजांची. हे जगातील गजबजलेल्या क्रूझ बंदरांपैकी एक आहे आणि एका दिवसात उतरणारी हजारो माणसे पाण्यावरही ताण आणतात.

क्रूझचा प्रश्न केमन बेटांनी मतदारांपुढे नेला. २०२५ मधील सार्वमतात बहुसंख्यांनी जहाजांच्या धक्क्याला नकार दिला. तिथले लिटल केमन हे दोनशेपेक्षाही कमी वस्तीचे बेट विशेष लक्षात ठेवावे. १९९८ च्या उष्णतेनंतर तिथले प्रवाळ आच्छादन २६ टक्क्यांवरून १४ टक्क्यांवर घसरले होते आणि २०११ पर्यंत ते पुन्हा पूर्वपदावर आल्याची नोंद शास्त्रज्ञांनी केली. अलीकडच्या रोगाने आणि उष्णतेने तिथेही आघात केला आहे, पण एकदा सावरलेले खडक कॅरिबियनमध्ये फारसे नाहीत. ‘ब्लडी बे वॉल’ ही पाण्याखालची सरळसोट भिंत याच बेटाला आहे. मात्र केमन महाग आहे, हे आधीच सांगितलेले बरे. खिसा हलका असेल तर होंडुरासचे रोआतान, आणि कोर्स करायचा असेल तर शेजारचे उटिला स्वस्त पडते.

वादळांचा हंगाम कधी?

१ जून ते ३० नोव्हेंबर, आणि सर्वांत धोक्याचा काळ सप्टेंबरच्या आसपास. २००५ मध्ये विल्मा वादळाने कोझुमेलला झोडपले. जुलै २०२४ मध्ये बेरिल वादळाने ग्रेनडातील कॅरिआकू हे डायव्हिंगसाठीच जाणले जाणारे बेट उद्ध्वस्त केले. बोनेअर आणि कुरसाव दक्षिणेला असल्यामुळे वादळांच्या नेहमीच्या मार्गाबाहेर पडतात. १९९९ मध्ये लेनी वादळाच्या लाटांनी बोनेअरच्या खडकांची मोडतोड केली हा त्याला मोठा अपवाद. दिवाळीच्या सुट्टीत जायचे असेल तर हा मुद्दा विसरू नये, कारण दिवाळी नेमकी या हंगामात येते.

मुंबई-पुण्याहून थेट कॅरिबियन गाठावे का?

स्पष्टच बोलायचे तर, पहिल्याच सुट्टीसाठी नाही. मालवणला प्रशिक्षकाने धरून पाण्याखाली नेले, तो अनुभव सुंदर असला तरी ते प्रमाणपत्र नव्हे. स्वतंत्रपणे डायव्हिंग करायचे तर ‘ओपन वॉटर’ कोर्स हवा. तो तीन-चार दिवसांचा असतो आणि १८ मीटरपर्यंत जाण्याची मुभा देतो. तो अंदमानच्या स्वराज द्वीपवर करता येतो, तारकर्लीत आणि पुदुच्चेरीतही करता येतो. शिवाय वैविध्याचा हिशेब मांडला तर हिंद आणि प्रशांत महासागर कितीतरी श्रीमंत आहेत. कॅरिबियनमध्ये कठीण प्रवाळांच्या ६०-७० जाती आहेत, तर आग्नेय आशियातील ‘कोरल ट्रँगल’मध्ये ५०० हून अधिक. अंदमानात कौतुकाने पाहिला जाणारा लायनफिश कॅरिबियनमध्ये घुसखोर ठरला असून, भाल्यावर बंदी असलेल्या बोनेअरमध्येही त्याला मारण्याची विशेष परवानगी दिली जाते. २०-२५ डायव्ह गाठीशी असतील आणि अमेरिकेत नातेवाईकांकडे जाणे होणारच असेल, तर मात्र आठवडा काढून बोनेअर करावे. नेदरलँड्सचा भाग असला तरी ते शेंगेन क्षेत्रात नाही, त्यामुळे व्हिसाचा नियम तिकिटाआधी तपासावा. व्हेनेझुएला शेजारी असल्याने तिथल्या तणावाचा विमानसेवेवर काय परिणाम आहे, तेही पाहावे.

आरक्षणापूर्वी काय विचारावे?

एका गाइडमागे किती डायव्हर असतात? सध्या कोणती ठिकाणे बंद आहेत आणि का? हा दुसरा प्रश्न ऐकून जो चालक लगेच नावे सांगतो, तो खडकाकडे लक्ष ठेवून असतो. ‘सगळे मस्त आहे’ असे उत्तर आले तर दुसरीकडे चौकशी करावी. दाबकक्ष, म्हणजे डिकम्प्रेशन चेंबर, कुठे आहे हेही विचारावे. बोनेअर, कोझुमेल आणि ग्रँड केमनला तो आहे, लिटल केमनला नाही. डायव्हिंगचा विमा वेगळा घ्यावा. साध्या प्रवास विम्यात तो अनेकदा धरलेला नसतो.

परतीचे तिकीटही याच हिशेबाने काढावे. सलग काही दिवस डायव्हिंग केल्यावर विमानात बसण्यापूर्वी किमान १८ तास जाऊ द्यावे लागतात. म्हणजे शेवटचा दिवस पाण्याबाहेरच. बोनेअरला तो वॉशिंग्टन-स्लागबाय राष्ट्रीय उद्यानात फ्लेमिंगो पाहत घालवता येतो आणि तिथला प्रवेश त्याच ४० डॉलरच्या शुल्कात धरलेला असतो.