वाफेची विडी

गतवर्षीं उन्हाळ्यांत लंडनला आमच्या पुतण्याकडे महिनाभर राहण्याचा योग आला. पहिल्याच दिवशीं जेवणाच्या मेजावर, चष्म्याच्या घराशेजारीं, जाड फौंटनपेनाएवढी एक नळी दिसली. आम्ही ती विजेरी समजलों. चिरंजीव किंचित् ओशाळून म्हणाले, "काका, सिगारेट सुटली. हें तिच्याऐवजीं. हेंसुद्धां नवेंच आहे, परवांच घेतलें." वीस वर्षांची ती सवय, आणि तिच्यापायीं आमच्या वहिनींनीं केलेले नवस आम्हांस ठाऊक, तेव्हां यंत्र हातीं घेऊन नीट पाहिलें.

आंत लिथियमचा विद्युत्-घट, वर एक कुपी. कुपींत ग्लिसरीन, प्रोपिलीन ग्लायकॉल, थोडा सुगंध व निकोटीन यांचें मिश्रण, आणि तळाशीं कापसाच्या वातीभोंवतीं तारेचें वेटोळें. कळ दाबली कीं तार तापते व मिश्रणाची वाफ होते. तंबाखू जळत नाहीं, त्यामुळें राखही नाहीं आणि डांबरही नाहीं. चीनमधील होन लिक नांवाच्या औषधशास्त्रज्ञानें २००३ सालीं ही युक्ति आधुनिक रूपास आणली.

नवलाई आहे ती बुडाशीं असलेल्या कड्यांत. तें फिरविलें कीं विजेचा दाब ३.३ व्होल्टांपासून ४.८ पर्यंत चढतो. येथें वाचकांनीं शाळेंतलें पदार्थविज्ञान आठवावें: उष्णता दाबाच्या वर्गानें वाढते. २.४ ओहमची तार ३.३ व्होल्टला साडेचार वॅट घेते, ४.८ ला ९.६. म्हणजे दाब दीडपटसुद्धां झाला नाहीं, तोंच उष्णता दुपटीपलीकडे गेली! २०१५ सालीं अमेरिकेंतील पोर्टलंडच्या रसायनज्ञांना ३.३ व्होल्टच्या वाफेंत फॉर्मल्डिहाइड देणारीं द्रव्यें आढळलीं नाहींत, ५ व्होल्टला मात्र आढळलीं. इतर शास्त्रज्ञांचा आक्षेप असा कीं, इतक्या उष्णतेनें वात करपते व तसला झुरका कोणी घेणारच नाहीं. आमच्या आग्रहास्तव चिरंजीवांनीं कडें शेवटापर्यंत फिरवून एक झुरका घेतला. करपल्या दुधासारखी घाण सुटली आणि त्यांना मोठा ठसका लागला. कडें खालींच बरें.

ही वाफ धुरापेक्षां सुमारें ९५ टक्के कमी अपायकारक, असा अंदाज पब्लिक हेल्थ इंग्लंड या तेव्हांच्या सरकारी संस्थेनें २०१५ सालीं दिला होता. इतका नेमका आंकडा आम्हांस जरा संशयास्पद वाटतो. तथापि धुराहून ही बरी, हें आम्ही मान्य करतों. खटकलें तें निराळेंच. सिगारेट संपते तरी. ही संपत नाहीं. वर्तमानपत्र वाचतांना, फोनवर बोलतांना, जिन्यावरसुद्धां नळी आपली हातांत!

येत्या माघांत पुण्यास धाकट्या भावाच्या मुलाची मुंज आहे. "काका, हें तिकडे आणतां येईल?" चिरंजीवांनीं विचारलें. येणार नाहीं. २०१९ च्या कायद्यानें हिंदुस्थानांत अशा यंत्रांची आयात व विक्री बंद आहे. पहिल्याच अपराधास एक वर्षापर्यंत कैद, लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही. सिगारेट मात्र मंगल कार्यालयाच्या कोपऱ्यावरच्या टपरीवर मिळते. महिनाभर त्या टपरीवरून रिकाम्या हातानें जायचें, ही धास्ती त्यांच्या तोंडावर स्पष्ट दिसली.

तेव्हांपासून ते मिश्रणांतील निकोटीन उतरवीत आहेत. मिलिलिटरास बारा मिलिग्रॅम होतें, आतां सहा आहे. माघापर्यंत तीनवर आणण्याचा बेत आहे. वहिनींस तूर्त सिगारेट सुटल्याचें तेवढें कळविलें आहे. हा अंक त्यांच्याकडे जातोच. बाकीचें त्या येथेंच वाचतील.