फ्लेक्स नको, नाव पाहिजे : वडसाच्या नाटक कंपन्यांकडून आपल्या दुकानदारांनी शिकण्यासारखं

परवा जटपुरा गेटजवळ गाडी अडकली. नेहमीसारखीच. वाट मोकळी होईपर्यंत सहज फ्लेक्स मोजले. एकोणीस! त्यातले चौदा वाढदिवसाचे. उरलेले पाच म्हणजे क्लासेस, दवाखाना, मोबाईलचं दुकान आणि दोन ले-आऊटमधल्या प्लॉटचे.

थोडं पुढं एका बुरड काकांचं दुकान आहे. सुपं, टोपल्या, आता बांबूचे दिवे आणि पेनस्टँडही करतात. हात असा आहे की वस्तू पाहून कोणी म्हणणार नाही ही चंद्रपूरची म्हणून. काही महिन्यांआधी त्यांनीही पैसे जमवून एक फ्लेक्स लावला होता. आठ दिवसांत त्याच्यावर कोण्या भाऊचा वाढदिवस चढला. काका म्हणाले, "बाप्पा, माहा फ्लेक्सच दिसत नाही, तं गिऱ्हाईक कुठून येईन?"

मित्रांनो, प्रश्न एकट्या काकांचा नाही. गोल बाजारातला छोटा दुकानदार, गांधी चौकातला नाश्त्याचा ठेला, घरून पापड-लोणचं विकणारा बचत गट, सगळ्यांचं हेच रडगाणं आहे. माल चांगला आहे, पण दिसत नाही. आणि दिसायचं म्हटलं की आपल्याला एकच उपाय सुचतो, शेजाऱ्यापेक्षा मोठा फ्लेक्स. शेजारी त्याहून मोठा लावतो. शेवटी कमावतो कोण? फ्लेक्स छापणारा.

माझं म्हणणं आहे की गर्दीत नाव कसं करायचं हे शिकायला पुण्या-मुंबईच्या मार्केटिंगवाल्याकडे जायची गरज नाही. वडसा-देसाईगंजला जा.

एकाच छोट्या गावात झाडीपट्टीच्या डझनावारी नाटक कंपन्यांची ऑफिसं आहेत. एकमेकांच्या शेजारी, एकाच धंद्यात. यापेक्षा जास्त गर्दी अन् स्पर्धा कुठं असेल? तरी दिवाळीपासून होळीपर्यंत चंद्रपूर, गडचिरोली, गोंदिया, भंडारा या चार जिल्ह्यांत रात्र-रात्र पडदे उघडतात आणि थंडीत कानाला मफलर गुंडाळून लोक तिकीट काढून बसतात. टीव्ही आला, मोबाईल आला, तरी हे चालूच आहे. २०२३ मध्ये याच रंगभूमीच्या परशुराम खुणेंना पद्मश्री मिळाली. कसं जमलं असेल हे?

पहिली गोष्ट, लोक जेव्हा आधीच जमणार असतात तेव्हाच कंपनी तिथं पोचते. मंडई असते, शंकरपट असतो, पाहुणे आलेले असतात, सोयरिकीच्या गोष्टी चाललेल्या असतात. आपल्याकडे अशी गर्दी काही कमी आहे का? चैत्रात महाकालीच्या यात्रेला मराठवाड्यातून, तेलंगणातून लोक येतात. महाशिवरात्रीला मार्कंड्याला वैनगंगेच्या काठावर पाय ठेवायला जागा नसते. ताडोबाचा कोअर भाग ऑक्टोबरपासून जूनपर्यंत सुरू असतो. या तीन तारखा धरून किती दुकानदार मालाची तयारी करतात?

दुसरी गोष्ट, विकणाऱ्याचाही फायदा ठेवतात. गावातलं मंडळ कंपनीला ठरलेली रक्कम देतं, तिकिटं मंडळच विकतं. फायदा-तोटा मंडळाचा. त्यामुळं प्रचार अख्खं गाव करतं, भोंग्याच्या गाडीपासून पाहुण्यांना फोन करण्यापर्यंत. आपला दुकानदार मात्र एकटाच ओरडतो. ऑटोवाला, लॉजवाला, जिप्सीचा ड्रायव्हर, गाईड, यांना ठरवून, उघडपणे वाटा दिला तर तेच तुमचा फ्लेक्स होतील. चालताबोलता, आणि ज्याच्यावर कोणाचा वाढदिवस चढणार नाही असा.

तिसरी गोष्ट, प्रत्येक कंपनीची एक ओळख असते. कोणी अमुक नटासाठी, कोणी लावणीसाठी, कोणी रडवण्यासाठी. आपल्या दुकानाच्या पाटीवर मात्र 'येथे सर्व प्रकारचे' असं असतं. सर्व प्रकारचं मिळणारं दुकान कोणाच्याच लक्षात राहत नाही. ज्याच्या तर्री-पोह्यासाठी लोक सकाळी गाडी वळवून येतात, त्याच्या ठेल्यावर कधी कधी पाटीसुद्धा नसते.

आता ताडोबाचंच घ्या. १९५५ पासूनचं राष्ट्रीय उद्यान. देशभरातले लोक नागपूरला उतरतात, रिसॉर्टवर जातात, वाघ पाहतात आणि नागपूरवरूनच परत जातात. आपल्या गोंडकालीन किल्ल्याचे दरवाजे, महाकाली मंदिर, बाजार, काहीच त्यांच्या वाटेत येत नाही. चिचपल्लीला बांबू संशोधन व प्रशिक्षण केंद्र आहे, पोरंपोरी तिथं शिकतात. आरमोरी-नागभीड पट्ट्यात कोसा विणला जातो, करवती काठाला भौगोलिक मानांकन आहे. पण पर्यटकाच्या हातात काय जातं? वाघाचं चित्र छापलेला टी-शर्ट, जो कुठल्याही जंगलाबाहेर मिळतो.

कोणी म्हणेल, हातानं केलेली वस्तू महाग पडते, लोक घेत नाहीत. खरं आहे. प्लास्टिकच्या टोपलीशी किमतीत बांबूची टोपली कधीच जिंकणार नाही. म्हणून तिथं लढूच नये. टोपलीसोबत एक चिठ्ठी द्या : कोणत्या गावचा बांबू, कोणी विणली, किती वेळ लागला. हेच कोशाच्या साडीचं. कोष ऐन-अर्जुनाच्या झाडांवर वाढतो, हे ज्याला कळलं तो किमतीची घासाघीस कमी करतो.

आणि फोन. ज्या पैशात एक फ्लेक्स लागतो, त्याच्या निम्म्यातही न जाता, म्हणजे फुकटात, गुगल मॅपवर दुकानाचं नाव टाकता येतं. मराठीत टाका, इंग्रजीत टाका, वेळ लिहा, चार खरे फोटो टाका. बाहेरचा माणूस आज पाटी शोधत नाही, फोनवर शोधतो. घरच्या पोराला सांगा, अर्ध्या तासाचं काम आहे.

पण सगळा भार दुकानदारावर टाकणंही बरोबर नाही. २०१४ च्या पथविक्रेता कायद्यानं नगर पथविक्रेता समितीत किमान ४० टक्के सदस्य विक्रेत्यांमधून निवडून आलेले असावेत आणि त्यात एक तृतीयांश महिला असाव्यात, असं सांगितलं आहे. आपल्या शहरात ही समिती किती वेळा बसते, काय ठरवते, हे प्रत्येक ठेलेवाल्यानं विचारलं पाहिजे. चौकातली जागा वाढदिवसांना मोकळी आणि पोट भरणाऱ्याला मात्र अतिक्रमणाची गाडी, हे बरोबर नाही. मोहर्ली, कोलारा गेटवर स्थानिक कारागिरांना हक्काची, कायमची जागा मिळाली पाहिजे. महोत्सवापुरते तीन दिवसांचे स्टॉल नकोत.

आपल्या जिल्ह्यांतून कोळसा जातो, लोखंड जातं, बांबू जातो, तेंदूपत्ता जातो. सगळं कच्चं जातं आणि दुसऱ्याच्या नावानं विकलं जातं. छोटा दुकानदार हा इथल्या मालाला इथलंच नाव देणारा माणूस आहे. तो बुडाला तर पोरगं पुण्याला जाईल आणि दुकानाच्या जागी आणखी एक मोबाईलचं शोरूम येईल.

म्हणून एकच करा. या आठवड्यात तुमच्या ओळखीच्या एका चांगल्या दुकानाबद्दल, ठेल्याबद्दल चार ओळी लिहा. काय चांगलं मिळतं, कुठं आहे, किती वाजेपर्यंत सुरू असतं. नेत्याच्या वाढदिवसाला शुभेच्छा आपण फुकट देतोच ना? एक दिवस बुरड काकांसाठी देऊ.