अडकलात? हा गेम पैसे मागत नाही
मोबाईल गेममध्ये अडकलं की काय होतं, माहितीये ना? जाहिरात बघा, नाहीतर पैसे भरा. म्हणून 'रिटर्न टू मंकी आयलंड' खेळताना मी चक्रावलोच. रॉन गिल्बर्टचा हा समुद्री चाच्यांचा विनोदी गेम २०२२मध्ये आला, २०२३मध्ये मोबाईलवर. एकदाच विकत घ्यायचा, वस्तूंवर टॅप करत कोडी सोडवायची. अडकलात तर हिरो गायब्रशजवळ हिंट बुक असतंच: आधी नुसता इशारा, पुन्हा विचारलं की थोडं जास्त, शेवटी थेट उत्तर. तेही फुकट! १९९०च्या पहिल्या गेममध्ये ही चैन नव्हती. तिथे तलवारबाजी टोमण्यांनी जिंकायची, आणि चोख उत्तरं शिकायची ती हरून हरूनच. माझी पंचाईत वेगळीच. फुकट आहे म्हणून मी दर पाच मिनिटांनी पुस्तक उघडायला लागलो. आता दिवसाला तीनदाच, असं ठरवलंय. काल चौथ्यांदा उघडलं.