खिडकीतली खिडकी

घराला खिडकी असते हे आम्ही समजू शकतो. पण खिडकीच्या पोटात आणखी खिडक्या असतात, हे आम्हाला संगणकाने शिकवले. प्रोग्रॅमची एक भलीमोठी खिडकी, आणि आपल्या फायली तिच्या आत नांदणाऱ्या. म्हणजे चाळीतल्या बिऱ्हाडकरूने खुशाल दार उघडावे, पण पाऊल चाळीबाहेर टाकू नये!

एक्सेलचा संसार 2010 च्या आवृत्तीपर्यंत असाच एकत्र कुटुंबाचा होता. गेल्या सालचा हिशेब एका पडद्यावर आणि यंदाचा दुसऱ्यावर ठेवून ताडून पाहू म्हटले, तर दोन्ही एकाच खिडकीत कोंडलेले. जाणकार सांगत, ‘एक्सेल दुसऱ्यांदा सुरू करा.’ तसे केले की हिशेब वेगळे दिसत खरे. पण एकात सूत्र लिहिताना दुसऱ्यातल्या आकड्यावर टिचकी मारून तो घेता येत नसे. वेगळे राहा आणि बोलणे बंद! त्यातून कोपऱ्यात एकाखाली एक दोन फुल्या. खालची फाइल मिटणार, वरची अख्खे दुकान! अखेर 2013 च्या आवृत्तीत प्रत्येक फायलीला स्वतंत्र खिडकी मिळाली. वर्डने ही वाटणी 2000 च्याच आवृत्तीत उरकली होती.

चला, सुटलो, म्हणावे तोच टॅब आले. बिचारे नोटपॅड! 1985 पासून एक फाइल, एक खिडकी, असे सरळमार्गी जगले. 2023 मध्ये विंडोज 11 ने त्याच्याही कपाळी टॅब चिकटवले. एका वेळी एकाच फायलीचे तोंड दिसणार. बाकीच्यांच्या नुसत्या पाट्या. टॅब ओढून वेगळा करता येतो, सेटिंगमध्ये जाऊन जुनी पद्धतही मागता येते. पण आपल्याच टेबलावर दोन कागद शेजारी ठेवायला अर्ज का करावा?

‘त्याने पसारा होत नाही हो,’ असे टॅबवाले म्हणतात. अहो, पसारा कुणाचा? आमचा! कुठला कागद कुठे पडलाय हे आम्हाला ठाऊक असते. आवरणाऱ्याला टेबल स्वच्छ दिसते. काम करणाऱ्याला मात्र दोन कागद एकदम दिसावे लागतात. भाषांतर करणाऱ्याला विचारा, हिशेब तपासणाऱ्याला विचारा.

शिवाय टॅब वाढले की कित्येक प्रोग्रॅमांत पाट्याही आक्रसतात. मग ‘वार्षिक अहवाल अंतिम’ आणि ‘वार्षिक अहवाल अंतिम, खराखुरा’ या दोघांचेही ‘वार्षिक अह…’ होते. साहेबांकडे कुठला धाडायचा ते टॅबवाल्यांनी सांगावे.