लहान्या गप्प राहिला, तलासरी गप्प नव्हती

गोविंद निहलानींचा ‘आक्रोश’ (1980) पुन्हा पुन्हा पाहावा इतका मोठा सिनेमा आहे. बायकोच्या खुनाचा आरोप असलेला आदिवासी लहान्या भिकू आपल्याच वकिलासमोर तोंड उघडत नाही. विजय तेंडुलकरांची पटकथा आणि ओम पुरींचे डोळे त्या गप्प राहण्याला असह्य करून सोडतात. तीन वर्षे आधी आलेल्या जब्बार पटेलांच्या ‘जैत रे जैत’मधला ठाकर मात्र भरभरून गातो. ना. धों. महानोरांचे शब्द आणि हृदयनाथ मंगेशकरांचं संगीत यांनी तो डोंगर मराठी मनात कायमचा वसवला. दोन्ही चित्रपटांवर जीव असूनही एक गोष्ट बोलायलाच हवी. आपल्या अभिजात सिनेमातला आदिवासी एकतर गातो, नाहीतर मुका होतो. सभेत उभा राहून मजुरीचा दर सांगणारा आदिवासी मात्र तिथे जवळपास सापडतच नाही. डहाणू-तलासरीच्या मातीत उभं राहून पाहिलं की ही उणीव डोळ्यांत खुपते.

मे 1945 मध्ये तलासरीजवळच्या झरी गावात हजारो वारली आदिवासी जमले आणि यापुढे फुकट राबायचं नाही असं त्यांनी ठरवलं. तोवर वेठ होती, लग्नगडी होता. लग्नासाठी सावकाराकडून काढलेल्या थोड्या पैशांपायी नवरा-बायको दोघंही त्याच्या दारी बांधली जात. वेठ मोडल्यावर लढा गवतकापणीच्या दरावर आला. पाचशे पौंड गवताला अडीच रुपये, इतकी साधी, मोजून मागितलेली मागणी. ऑक्टोबरात तलवाड्याला पोलिसांनी गोळ्या झाडल्या, माणसं मेली, तरी संप मोडला नाही. या लढ्याच्या नेत्या गोदावरी परुळेकर यांच्या ‘जेव्हा माणूस जागा होतो’ (1970) या पुस्तकात हे सगळं आहे. ‘आक्रोश’ आला तेव्हा ते पुस्तक दहा वर्षांचं होतं.

यावर कोणी म्हणेल, सिनेमा म्हणजे इतिहासाची वही नव्हे. लहान्याचं मौन हीच त्याची साक्ष आहे. हे बरंचसं खरं आहे. पुढारी, ठेकेदार, डॉक्टर, पोलीस एका टेबलावर पत्ते खेळत असताना बोलून उपयोग काय, हे निहलानी फार नेमकं दाखवतात. पण त्या मौनाची किंमत शेवटी कोण मोजतं? पोलीस पहाऱ्यात बापाच्या चितेपाशी आलेला लहान्या बहिणीवर कुऱ्हाड चालवतो, तेव्हाच त्याचा आवाज फुटतो. वर्मी लागणारा शेवट आहे हा, पण त्यात आदिवासीपुढे दुसरी वाटच उरत नाही. त्याच चित्रपटात महेश एलकुंचवारांनी केलेला कार्यकर्ता आहे, असंही सांगता येईल. तोही शिकलेला, बाहेरून आलेलाच. गोदावरीबाईही बाहेरून आल्या होत्या, हे कबूल. पण त्यांच्या पुस्तकात वारली स्वतः बोलतात, शंका काढतात, घाबरतात आणि तरीही दुसऱ्या दिवशी सभेला येतात.

संपावर सिनेमा केला तर तो घोषणांनी भरून जाईल, ही भीती मला पटत नाही. सावकाराच्या अंगणात पहिल्यांदा ‘नाही’ म्हणणाऱ्या लग्नगड्याचा एकच प्रसंग घ्या. शेजारी बायको उभी आहे, घरात दाणा नाही, समोर ज्याच्या वहीत आपलं आयुष्य लिहिलंय तो माणूस. ज्या निहलानींनी लहान्याच्या नुसत्या नजरेवर दोन तास तोलून धरले, त्यांच्या तोडीच्या दिग्दर्शकाला याहून अधिक काय लागतं? आणि तो प्रसंग वारली बोलीत, तलासरीच्याच एखाद्या मुलीने किंवा मुलाने चित्रित केला, तर ‘आक्रोश’च्या शेजारी बसवायला आपल्याकडे अखेर एक सिनेमा असेल.